रविवारी न दिसणाऱ्यांच्या वतीने पंचमंडळींना खुले पत्र

प्रति,
मा. पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व पंचमंडळी यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

वार्षिक सभेची नोटीस फळ्यावर वाचली. पाचवा विषय असा आहे : जे सभासद सलग तीन महिने उपासनेला गैरहजर राहिले आणि ज्यांची वर्गणी थकली, त्यांची नावं पूर्ण सभासदांच्या यादीतून कमी करावीत. खाली इब्री लोकांस पत्रातलं वचन दिलं आहे, दहावा अध्याय, पंचविसावी ओवी. आपलं एकत्र मिळणं सोडू नका. ठरावाखाली वचन आलं की आपल्याकडे कुणी तोंड उघडत नाही. मी उघडते आहे, आणि तेही चारचौघांत, कारण बंद पाकिटातल्या पत्रावर 'पुढील सभेत विचारार्थ' असा शेरा पडतो, ते फायलीला लागतं, आणि ती पुढची सभा काही येत नाही. शिवाय ही गोष्ट आपल्या एकट्या मंडळीची नाही. नगर जिल्ह्यात (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय व्हायची आहे) ज्या मंडळ्यांत पगारदार थोडे आणि हातावर पोट असलेले जास्त, तिथे हा प्रश्न या ना त्या रूपात असतोच.

या ठरावानं कुणाकुणाची नावं जातील ते मी कागद घेऊन लिहून काढलं. विश्वास सोडून गेलेला त्यात एकही नाही. आळशी म्हणावेत असे एक-दोघं निघतील, ते प्रत्येक मंडळीत असतात आणि नेमके नाताळच्या जेवणाला वेळेवर येतात. बाकी कोण? ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांमधली कुटुंबं. पुण्यात बारा-बारा तास गेटवर उभे राहणारे सिक्युरिटी गार्ड. लोकांच्या घरी राहून त्यांच्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढणाऱ्या, मुंबईला गेलेल्या आपल्या बायका. एसटीचा कंडक्टर. दोन नर्सा. थोडक्यात, आपल्या मंडळीत रविवारी ज्यांना कामावर जावं लागतं ते सगळे.

ऊसतोडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्यातल्या नोकरदारांना एवढंच दिसतं की टोळी दिवाळीच्या सुमाराला निघते आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येते. मधल्या काळात ही माणसं कुठे असतात, कशी असतात, ते बाकांवर बसून कळत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. निघण्याआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. तिच्यात मुलीचं लग्न असतं, घराचे पत्रे असतात, आजारपण असतं. ती उचल फिटेपर्यंत सुट्टी हा प्रकार नाही. एक दिवस फडात गेलं नाही तर खाडा. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर दंड म्हणून ठरलेली रक्कम त्यांच्याच नावावर चढते. गाडी रात्री दोनला लागली तर रात्री दोनला मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. अशा बाईनं रविवारी साडेनऊच्या उपासनेला हजर राहायचं तर काय पडेल, हा हिशेब खजिनदारांनी एकदा मांडावा. दोघांचा खाडा धरा, दोघांचं एसटीचं भाडं धरा, आणि तळावर मागे ठेवलेल्या लेकरांकडे कोण बघणार तेही धरा. आणि एवढं करून ती आलीच, तर दानाच्या थाळीत तिनं काय टाकायचं तेही सांगा.

मी नर्स होते, म्हणून आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. 2019 साली राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या सुमारे 82 हजार बायकांची पाहणी केली. त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. चाळिशीही न गाठलेल्या कितीतरी. यातल्या प्रत्येकीला कारण वेगळं असेल, पण दवाखान्यात आलेल्या बायकांच्या तोंडून मी जे ऐकलं आहे ते असं : अंगावरून जातं, पोटात दुखतं, डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाका, मुकादम म्हणतो खाडा पडला. पाळीच्या दिवसांत अंग टेकायची जिला सोय नाही, तिच्याकडे आपण रविवारची हजेरी मागतो आहोत.

गेल्या नाताळच्या आठवड्यात महिला मंडळातल्या आम्ही काही जणी एका साखर कारखान्याच्या तळावर गेलो होतो. पाचटाच्या कोप्या, एकीला खेटून एक. मधून वाहणारं मोरीचं पाणी, बैलांच्या शेणाचा आणि मळीचा वास. एका कोपीच्या दाराशी बांबूला कागदाची चांदणी बांधलेली होती. आपल्याच मंडळीतलं घर. नाव लिहीत नाही, तुमच्या यादीत ते असेलच. बाईनं पिठाच्या डब्यातून पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं बायबल काढून दाखवलं. उंदरांपासून वाचवायला दुसरी जागा नाही, म्हणाली. तिला वाचता थोडंच येतं. पण भजनं सगळी पाठ आहेत, आणि भाकरी थापताना ती म्हणते तेव्हा शेजारच्या कोप्यांतल्या बायकाही सूर धरतात. त्या ख्रिस्ती नाहीत. धृपद मात्र त्यांनाही येतं.

आम्ही प्रार्थना केली, फराळाच्या पिशव्या दिल्या, निघालो. निघताना कळलं की शेजारच्या कोपीतली बाई आठ दिवसांची बाळंतीण आहे, आणि तिच्या वाटणीची पात ही दोघं नवरा-बायको पहाटे तासभर आधी फडात जाऊन तोडत आहेत. का, तर तिला खाडा लागू नये. आमच्यातल्या एकीनं कौतुकानं विचारलं, तुम्ही त्यांना येशूबद्दल सांगितलं का? तर ती म्हणाली, "बाळंतीण हाय ती, तिला कोयता कसा झेपंल?" आणि लाकडं सारायला चुलीकडे गेली.

आता मला सांगा, या बाईचं नाव कमी करायचं कारण ठरावाच्या पुस्तकात काय लिहिणार? उपासनेस गैरहजर?

ठरावाखाली पंचविसावी ओवी लिहिली आहे, ठीक आहे. पण वाक्य तिथे सुरू होत नाही. ते चोविसाव्या ओवीत सुरू होतं, आणि तिथे म्हटलं आहे की प्रीती आणि सत्कर्मं करायला उत्तेजन मिळेल अशा रीतीनं आपण एकमेकांकडे लक्ष देऊ. एकत्र मिळणं त्याच्यासाठी आहे. एकमेकांकडे लक्ष द्यायचं, ते जमावं म्हणून एकत्र यायचं. आपण अर्धं वाक्य तोडून नोटिशीवर चिकटवलं, आणि ज्या माणसांकडे लक्ष द्यायचं राहून गेलं त्यांच्यावरच ते लावलं. पाळकसाहेब, आपण सेमिनरीत शिकला आहात, मी वॉर्डात. माझं चुकत असेल तर व्यासपीठावरून सांगा, मी ऐकून घेईन.

इतिहास म्हणाल तर तोही या ठरावाच्या बाजूनं नाही. इ.स. 112 च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन सुभेदार आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांतात होता. ख्रिस्ती लोकांचं करायचं काय, असं विचारणारं पत्र त्यानं सम्राट ट्राजानला लिहिलं. चौकशीत त्याला कळलं ते असं : ही माणसं ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि शपथ घेतात. कसली शपथ? चोरी करणार नाही, लूटमार करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी विश्वासानं ठेवायला दिलेलं मागितल्यावर नाही म्हणणार नाही. मग पांगतात. आणखी माहिती काढायला त्यानं मंडळीच्या ज्या दोन सेविकांचे हाल केले, त्या गुलाम बायका होत्या. गुलामाचा दिवस मालकाचा. मग देवासाठी वेळ काढायचा तर तो उजाडायच्या आधीच. रविवार सुट्टीचा झाला तो कॉन्स्टंटाइननं 321 साली फर्मान काढल्यावर, म्हणजे पहिली जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती माणसाचा रविवार कामाचाच होता. आणि त्या फर्मानातसुद्धा शेतात काम करणाऱ्यांना मोकळीक दिली होती, कारण पिकाची वेळ टळली की टळली, हे रोमच्या बादशहालाही कळत होतं. आपल्या ठरावात तेवढीही सूट नाही.

त्या शपथेकडे पुन्हा एकदा बघा. तिच्यात रविवारचं काहीच नाही. सगळं सोमवार ते शनिवारचं आहे : बाजारातलं, घरातलं, देण्याघेण्यातलं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, शिपाई आले, आम्ही काय करावं म्हणाले. लूकनं तिसऱ्या अध्यायात लिहिलं आहे. योहानानं त्यांना नोकरी सोडा म्हटलं नाही, माझ्याबरोबर नदीकाठी राहा असंही म्हटलं नाही. जकातदारांना सांगितलं, ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना सांगितलं, कुणाला दमदाटी करून पैसे उकळू नका, आहे त्या पगारात समाधान माना. यावर शेवटचा संदेश आपल्या व्यासपीठावरून कधी झाला? आपल्या मंडळीत महसूल खात्यातले आहेत, पोलीस खात्यातले आहेत, ठेकेदार आहेत, शाळेच्या संस्थेत नोकऱ्या लावून देणारे आहेत. त्यांना उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्यानं जागवायच्या सभेत, हात वर करायला सांगतात, टेबलावर हात कसा ठेवायचा ते कुणी सांगत नाही.

एका तरुणाबद्दल लिहिते, त्याची ओळख पटणार नाही एवढंच. तो एका सरकारी कचेरीत कारकून आहे. पाकीट घेत नाही, म्हणून साहेबाला नको झाला आहे, सहकाऱ्यांनाही नको झाला आहे. त्याची तीनदा बदली झाली. आता लांबच्या तालुक्याला आहे, महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, शेवटच्या बाकावर बसतो, प्रभुभोजन घेऊन जातो. त्याला आपण कधी साक्ष द्यायला पुढे बोलावलं नाही. ज्यांनी फरशी बसवून दिली त्यांना मात्र शाल दिली, आणि त्यांच्या साइटवरच्या मजुरांची मजुरी दोन महिने अडकली आहे हे निम्म्या मंडळीला माहीत होतं. याकोबाच्या पत्रात अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते म्हणून लिहिलं आहे. आपल्या नव्या फरशीवर आवाज घुमतो, म्हणून कदाचित ऐकू आली नसेल.

देणगीदारांच्या नावांचा विषय निघालाच आहे तर सांगते. आपल्या प्रार्थनामंदिरात बाकांवर नावं आहेत, घड्याळावर नाव आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, आणि छताच्या पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा लाल रंगात 'यांच्या स्मरणार्थ' लिहिलं आहे. पंखा चालू असताना ते वाचता येत नाही, एवढाच काय तो नम्रपणा. हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, लिलावात एक नारळ हजार रुपयांना जातो आणि टाळ्या पडतात. त्याला माझी हरकत नाही, लेकरांना गंमत वाटते आणि मंडळीला चार पैसे मिळतात. पण उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका म्हणणाऱ्या प्रभूच्या घरात कुणी किती दिले ते माइकवरून वाचायचं, आणि कुणी किती दिले नाहीत ते वार्षिक सभेत वाचायचं, ही रीत कुठून आली?

खजिनदारांची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. पाळकांचा पगार वेळेवर होत नाही, वीजबिल भरायचं असतं, वरच्या कौन्सिलला हिस्सा पाठवायचा असतो. वर्गणी हवीच. पण ती महिन्याच्या महिन्याला आणि रोख हवी, हा पगारदारांचा हिशेब झाला. टोळीवाल्याच्या हातात पैसा येतो तो हंगाम संपल्यावर, आणि कधीकधी तेव्हाही येत नाही. त्याची वर्गणी वर्षातून एकदा, ईस्टरनंतर घ्या. मिझोराममधल्या बायका 1910 पासून प्रत्येक वेळी भात शिजत घालताना देवासाठी एक मूठ तांदूळ बाजूला काढून ठेवतात, आणि त्या मुठींवर तिथल्या चर्चची कितीतरी कामं उभी राहिली. आपण ज्वारीची मूठ का घेऊ नये? पावतीपुस्तकात रकाना नाही म्हणून?

काही जण म्हणतात, या ठरावामागे पुढच्या वर्षीची पंचांची निवडणूक आहे, यादी आटोपशीर झाली की निकालही आटोपशीर होतो. मी ते खरं धरून चालत नाही. आपल्यातल्या बहुतेकांना मी लहानपणापासून ओळखते, आपला हेतू मंडळीला शिस्त लागावी असाच असेल. पण शिस्त लावायचीच तर कंपाउंडच्या जागेचे दावे आधी घ्या. करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय, भाऊ भावावर फिर्याद करतो. वकिलाच्या फीमध्ये मंडळीचा किती पैसा गेला ते ताळेबंदात 'किरकोळ' या सदराखाली येतं. रविवारी येणारे-न येणारे कुणीही असोत, कोर्टाच्या तारखेला आपली हजेरी पक्की असते.

नाव कमी होण्याचा अर्थ आपल्याला कागदावरचा वाटतो, त्यांना तो जमिनीवरचा आहे. सभासद नाही तर पाळकांचं शिफारसपत्र नाही. शिफारसपत्र नाही तर पोराच्या दाखल्याला, बोर्डिंगच्या प्रवेशाला अडचण. लग्न लावायचं तर 'बाहेरच्यांचा' दर. आणि कबरस्तानात जागा हवी असेल तर आधी थकबाकी. मागे एका घरातलं मयत दुपारपर्यंत ठेवून घ्यावं लागलं होतं, वर्गणीचा हिशेब मिटेपर्यंत. तेव्हाचे पंच आता नाहीत, म्हणून जास्त लिहीत नाही. त्या दिवशी पावती फाडणाऱ्याचा हात कापत होता, हे मात्र मी पाहिलं आहे.

आपल्याकडे कन्व्हेन्शनला आलेला प्रत्येक वक्ता केडगावच्या मुक्तीचं, पंडिता रमाबाईंच्या मिशनचं, नाव घेतो. 1905 चं उज्जीवन, मुलींचं रात्र-रात्र प्रार्थना करणं, पवित्र आत्म्याचा अग्नी. ते झालं, खरं आहे. पण त्याच मुक्तीत पंडिता रमाबाईंनी छापखाना काढला होता, आणि त्यांनी केलेल्या मराठी बायबलचे छपाईचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले. दुष्काळात उपाशी मरायला टेकलेल्या, नवऱ्यामागे घरातून हाकललेल्या बायका त्या. कुणी मागावर बसत होतं, कुणी शेतात होतं, अंध मुली ब्रेल शिकत होत्या. रात्रीची प्रार्थना करणारी आणि सकाळी खिळे जुळवणारी बाई एकच होती. आपण रात्रीची तेवढी उचलली.

आणखी एक नाव घेते, कारण ते नगरचं आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, 1900 साली बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांचं सोवळं सुटलं होतं, आणि ते सुटलं ते कुणाच्या हातचं पाणी प्यायचं या प्रश्नावर. सव्वाशे वर्षांनी आपल्याकडे लग्न जमवताना 'मूळचे कुठल्या समाजातले?' हा प्रश्न प्रार्थना झाल्यावर लगेच विचारला जातो. असो, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा मेळा काढला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली होती. आपण बाप्तिस्मा घेतलेल्यांना बाहेर काढायला सभा बोलावतो आहोत.

माझी नोकरी सरकारी दवाखान्यात झाली. तिथे रविवार कॅलेंडरवर नसतो, ड्यूटी चार्टवर असतो. नाताळच्या रात्रीसुद्धा ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला कुणीतरी लागतंच, आणि एके काळी या देशात ते कुणीतरी बहुतेक करून ख्रिस्तीच असायचं, कारण परक्याचं रक्त-पू पुसणं हलकं समजलं जायचं आणि आपल्या मुली ते करत होत्या. त्या काळी आपल्या मंडळीला एक पाळक होते. सोमवारी संध्याकाळी ते सायकलवरून आमच्या क्वार्टर्सवर यायचे. डब्यात भाकर, बाटलीत द्राक्षरस. रविवारी ज्यांची ड्यूटी होती त्यांना तिथेच, स्टोव्हशेजारी, प्रभुभोजन द्यायचे. घाईघाईत नाही, पूर्ण विधीनं. मग आमच्या वॉर्डात कोण अत्यवस्थ आहे, कुणाला घरचं माणूस नाही, ते विचारून वहीत लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी खाटेजवळ येऊन बसायचे, रोगी कुठल्या धर्माचा आहे हे न विचारता. त्यांच्याकडे हजेरीची वही नव्हती असं नाही. होती. पण रविवारी जागा रिकामी दिसली की आठवड्यात त्या घरी जायचं, यासाठी ती वही होती.

तेच आज करा, एवढंच माझं म्हणणं आहे. पहाटेची एक लहान उपासना सुरू करा, साडेपाचची, ड्यूटीला जाणाऱ्यांसाठी. पेटी-तबला नसला तरी चालेल. हंगामात महिन्यातून एकदा तळावर जा, रात्री, गाड्या भरून झाल्यावर. पुण्यातल्या गार्डांना रात्रपाळीत व्हिडिओ कॉलवर प्रार्थना हवी असते, तरुण संघातली मुलं रात्रभर मोबाईलवर असतातच, त्यांना हे काम द्या. आणि बोर्डिंगची जुनी इमारत, जी आपण गोदामाला भाड्यानं दिली आहे, तिच्यातल्या दोन खोल्या दिवाळी ते पाडवा मोकळ्या करा. टोळीबरोबर जाणारी आपली लेकरं फडावर पाचटात झोपतात आणि त्यांची शाळा बुडते. सरकारच्या हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तिच्यासाठी अर्ज करायचा तर कागदपत्रांची खटपट मी करीन. आपल्यातले निम्मे पंच त्याच बोर्डिंगमध्ये शिकून नोकरीला लागले, त्यांना मी जास्त काय सांगू?

मी मंडळीत यायच्या विरुद्ध नाही. एकटीनं प्रार्थना करून भागतं असं मी कधीच मानलं नाही. ड्यूटी संपवून, डोळ्यांवर झोप असताना, साडीला फिनेलचा वास असताना मी बाकावर येऊन बसले आहे, आणि शेजारणीनं पुढे सरकवलेल्या भजनाच्या पुस्तकानं मला सावरलं आहे. ते ज्यांना मिळत नाही त्यांना ते हवंच असतं. म्हणून तर त्या कोपीच्या दाराशी चांदणी होती.

सभेच्या तारखेबद्दल शेवटचं. सभा फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी ठेवली आहे. ज्यांची नावं कमी करायची ते त्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात असतील. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलू द्यायची रीत कोर्टातही असते, आणि कोर्टाची रीत आपल्याला चांगली माहीत आहे. ठराव मागे घेणार नसाल तर निदान सभा ईस्टरनंतर घ्या, टोळ्या घरी आल्यावर. मग एकेक नाव वाचा, ते माणूस समोर बसलेलं असताना.

महिला मंडळ पुढच्या शनिवारी संध्याकाळी पुन्हा तळावर निघतंय. जीप ठरली आहे. डिझेलची वर्गणी आमच्यात झाली, मंडळीच्या खात्याला हात लावलेला नाही. पुढची सीट पाळकसाहेबांसाठी ठेवली आहे. प्रभुभोजनाचं सामान तेवढं त्यांनी बरोबर घ्यावं, आणि रात्री परतायला उशीर होईल, असं पाळकबाईंना आधी सांगून ठेवावं.

आपली नम्र बहीण,
एक सभासद
(वर्गणी चालू महिन्यापर्यंत भरलेली)